रुमालातला घास

आईने भाजलेली भाकर कुत्री खात होती.

शाळेच्या फाटकाजवळ, चौकीदाराच्या खुर्चीशेजारी. दोन कुत्री. एक बसलेलं, एक उभं. उभ्याच्या तोंडात मोठा तुकडा, आणि त्या तुकड्यावर क्रूसाची अर्धी रेघ. तव्यावर टाकण्याआधी आई सुरीच्या पाठीने भाकरीवर क्रूस दाबते. अख्ख्या दिल्लीत दुसरं कुणी तसं करत नाही. म्हणजे चूक व्हायला जागाच नव्हती.

आत हॉलमध्ये उपासनेचं गीत चालू होतं. मी पाण्याची बाटली भरायला बाहेर आले होते. चौकीदाराला विचारलं, "ये रोटी किसने दी?"

"वो बड़ी मैडम देती हैं जी. जब भी ऐसी रोटी आती है, दे जाती हैं. बढ़िया रोटी है. आधी मैंने भी खाई."

त्याच्यावर राग आला नाही. माझ्या आईची भाकर त्या हॉलच्या आवारात माणसाच्या तोंडी लागली असेल तर ती त्याच्याच. बाटली रिकामीच घेऊन मी आत आले आणि आईशेजारी बसले. ती डोळे मिटून गात होती.

गुडगावात काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. शेतं विकली जात होती आणि बांधांवर फ्लॅटच्या जाहिराती उभ्या राहत होत्या. नगरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या माझ्यासारख्या मुलीलाही एका परदेशी कंपनीच्या ऑफिसात नोकरी मिळाली. गुडगावचं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून फरीदाबादला खोली घेतली. वडील गेल्यावर आईला घेऊन आले. खोलीत आम्ही दोघी आणि आईच्या कापडी पिशवीतलं तिचं शास्त्र, म्हणजे बायबल.

आई बायबलबाई होती. मिशनने नेमलेली. गावोगाव पायी जायचं आणि बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, हे तिचं काम. मोठ्या घरांत ती उंबऱ्याबाहेर बसून वाचायची. ऐकणाऱ्या बायका आत, वाचणारी बाहेर. तहान लागली तर ओंजळ धरायची, वरून पाणी पडायचं. मांगवाड्यातली बाई शास्त्र वाचते याचं कौतुक होतं, पण तांब्याला हात लावू देण्याइतकं नव्हतं. आई हे सगळं हसून सांगायची. मी लहानपणी हसून ऐकायचे.

दिल्लीत मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना महिन्यातून एकदा व्हायची, दक्षिण दिल्लीत, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांतले अधिकारी यायचे, पुण्या-मुंबईहून बदलून आलेले कंपनीवाले यायचे, आणि मागच्या रांगांत आम्ही. पाळकसाहेब पानिपतहून बसने यायचे. म्हातारे, सुती कोटाला ठिगळ लावलेले. पण आवाज खणखणीत.

प्रभुभोजनाची भाकर, म्हणजे प्रभूचं शरीर म्हणून उपासनेत सगळ्यांनी घासघास खायची ती, घराघरांनी पाळीपाळीने आणायची, अशी पद्धत होती. ही पद्धत आमच्या गावाकडची. गावी ज्या घरची पाळी, त्या घरची बाई आदल्या दिवशी चूल सारवते, सकाळी उपाशीपोटी गव्हाचं पीठ मळते. मीठ नाही, खमीर नाही. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ती जाड भाकर देवळात नेते. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. पाळक सगळ्यांदेखत ती मोडतात. त्या दिवशी त्या बाईचा मान. दिल्लीत एवढाच फरक, की भाकर सगळ्यांदेखत मोडायची नाही. मोठ्या आंटी ती आतल्या खोलीत न्यायच्या, बारीक चौकोनी तुकडे करायच्या आणि ताट झाकून मेजावर आणून ठेवायच्या.

मोठ्या आंटी म्हणजे मंडळीतलं सगळ्यात जुनं घराणं. पांढरी साडी, लेसचा रुमाल, स्वच्छ पुणेरी मराठी. त्यांचे साहेब गुडगावच्या एका कंपनीत वरच्या खुर्चीवर. मेजाची सगळी व्यवस्था आंटींकडे, आणि त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही.

आमची पाळी असायची तेव्हाही आमच्या हातात पांढरा मऊ ब्रेडच यायचा. मी एकदा विचारलं होतं. आंटी म्हणाल्या, "अगं, तुमची भाकर पुढच्या रांगांनाच संपली. मागे ब्रेड वाटला. माणसं वाढलीत ना आता." मला पटलं. पटलं कसलं, छाती फुगली. पुढच्या रांगेतले साहेबलोक माझ्या आईची भाकर खातात! परतीच्या बसमध्ये मी आईला तसं सांगितलंही. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

आणि आता फाटकाजवळ कुत्री.

उपासना संपली. चहा सुरू झाला. मी सरळ आंटींसमोर जाऊन उभी राहिले.

"आंटी, आमची भाकर कुठंय?"

त्यांनी कप खाली ठेवला. घाबरल्या नाहीत. "हे बघ, हायजीनचा प्रश्न असतो. फरीदाबादचं पाणी, एका खोलीत स्वयंपाक. प्रभूला सगळे सारखेच गं. पण चार लोकांचं मन पाहावं लागतं. मनाला लावून घेऊ नकोस."

"म्हणून कुत्र्यांना?"

तेवढ्यात साहेब आले. हसत. बिस्कीट हातात. "काय झालं? भाकरीचं होय! अगं, आमचे खापरपणजोबा शास्त्री होते. पादऱ्याशी वाद घातला, हरले आणि ख्रिस्ती झाले. तुमचे लोक आले दुष्काळात. त्यांनी आधी ज्वारी ओळखली, मग येशू. फरक असतो, यार. वाईट नाही त्यात काही, पण फरक असतो."

आजूबाजूचे हसले. मोठ्याने नाही. चहाच्या कपात हसतात तसं. हसणाऱ्यांत आमच्यातलेही होते, आडनाव बदलून क्वार्टरात राहायला गेलेले. कुणीतरी मागून पुटपुटलं, "आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं." पुन्हा हसू.

आईने मागून येऊन माझा हात धरला. "चल. बस जाईल."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. यांनी जानवं टाकलं, शेंडी कापली, नावं बदलली, देव बदलला. पीळ तसाच. पाच पिढ्या प्रभूच्या मेजापाशी बसून हे लोक आईची भाकर ओळखतात, ती मांगवाड्याची म्हणून.

घरी आल्यावर मी आईला कुत्र्यांचं सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं.

"मला पहिल्याच बारीला कळलं व्हतं."

"कसं?"

"ब्रेडला मीठ असतंय. मी मीठ घालती का?"

"मग करत का राहिलीस? दर वेळी उपाशी राहून?"

"मी परभूसाठी करते. त्याच्या मेजावर ठिवली, माझं काम झालं. पुढं तिची ती जाणे. अन् कुत्र्यांच्या पोटात तर गेली ना? वाया नाही गेली."

त्या क्षणी मला आंटींपेक्षा आईचा जास्त राग आला. मी ओरडले. "तू आयुष्यभर उंबऱ्याबाहेर बसलीस, कारण ती घरं त्यांची होती. हे घर कुणाचं आहे? सांग ना, हे घर कुणाचं?"

पिशवीतून शास्त्र काढून आईने माझ्यापुढे ठेवलं आणि कणीक भिजवायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला घेतलं. फरीदाबादहून गुडगावला चार्टर्ड बस जायची. ठरलेल्या सीटा, ठरलेली माणसं. बायका स्वेटर विणायच्या, पुरुष पत्ते कुटायचे. मी शास्त्राला खाकी कव्हर घातलं आणि खिडकीशी बसून वाचू लागले. शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "यूपीएससी की तैयारी?" मी हो म्हटलं.

शास्त्र मी जन्मापासून ऐकत होते. पण ऐकणं वेगळं आणि वाचणं वेगळं. ऐकताना कुठे थांबायचं हे ऐकवणारा ठरवतो.

आईची एक आवडती गोष्ट होती. परक्या जातीची एक बाई आजारी लेकीसाठी प्रभूकडे येते. तो म्हणतो, मुलांची भाकर कुत्र्यांपुढे टाकणं बरं नाही. ती म्हणते, मेजाखाली पडलेला चुरा कुत्रीही खातात की. आणि लेक बरी होते. आई ही गोष्ट नम्रतेची म्हणून सांगायची. बाईचं वाक्य आलं की आवाज खाली आणायची, मान झुकवायची. पाळकही तसंच सांगायचे. मी बसमध्ये ती गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली. मला नम्रता कुठेच दिसेना. दिसली एक भांडणारी बाई. हाकलली तरी न हललेली. तिने प्रत्यक्ष प्रभूला त्याच्याच शब्दांत पकडलं, आणि तो हरला. अख्ख्या शास्त्रात तो वादात कुणाकडून हरला असेल तर हिच्याकडून. साहेबांचे खापरपणजोबा पादऱ्याशी वाद हरून ख्रिस्ती झाले, त्याचा केवढा तो तोरा. माझ्या बाईने देवाशी वाद घातला आणि जिंकून घरी गेली.

मग त्याच शास्त्रात ती गाणी सापडली, जी कुठल्याही उपासनेत म्हटली जात नाहीत. वैऱ्याचे दात पाड, असं देवाला तोंडावर सांगणारी. गाणारे चांगले, देवभोळे लोक होते. देवाने त्यांना गप्प बसवलं नाही. त्यांचा राग जसाच्या तसा पुस्तकात राहू दिला. मला मात्र लहानपणापासून एकच शिकवलं होतं, सूड देवाचा आहे, आपण घ्यायचा नाही. हे शिकवणारे कोण, याचा मी बसमध्ये बसून विचार केला. ज्यांच्यावर सूड उगवायला हवा, तेच.

आणि चाबूक. देवळात बाजार मांडलेल्यांना प्रभूने चाबकाने हाकललं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण चाबूक त्याने आधी स्वतः वळला, तसं तिथे लिहिलंय. इतकी वर्षं ते माझ्या कानांवरून गेलं होतं. माझे आजोबा घायपाताच्या पानांचा वाख, म्हणजे तंतू, काढून दोर वळायचे. दोर रागाच्या भरात वळता येत नाही. वाख भिजवावा लागतो, झोडावा लागतो, मांडीवर पीळ द्यावा लागतो. म्हणजे प्रभू त्या दिवशी रागाने बेभान झाला नव्हता. तो एका कडेला शांत बसला होता आणि दोऱ्यांना पीळ देत होता. हे वाचलं आणि मीही शांत झाले. माझे हात कामाला लागले.

मी महिनाभर आंटींशी गोड बोलले. त्यांना वाटलं, पोरगी निवळली.

पुढच्या उपासनेला पाळी आंटींच्याच घरची होती. आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, "उद्या भाकर कर. पण क्रूस नको दाबू."

आईने मान वर केली. "कशापायी?"

"ओळखू येऊ नये म्हणून."

सकाळी उपाशीपोटी आईने पीठ मळलं. सुरी हातात घेतली आणि परत ठेवून दिली.

पाळकसाहेब पानिपतच्या बसमधून उतरले तेव्हा मी फाटकापाशीच उभी होते. पांढरं फडकं त्यांच्या हातात दिलं. "पाळकसाहेब, आज ही मोडा. गावाकडच्यासारखी, सगळ्यांदेखत. कुणी केली ते खाऊन झाल्यावर मी सांगेन."

त्यांनी फडकं उघडून भाकर बघितली. मग मला बघितलं. फाटकाजवळची कुत्रीही बघितली. त्यांना किती कळलं, मला माहीत नाही. "बरं," एवढंच म्हणाले.

आत आंटी ब्रेडचं ताट मांडत होत्या. पाळकसाहेब म्हणाले, "आज भाकर माझ्यापाशी आहे. एकच आहे, मोडून वाटू." आंटींना वाटलं पाळकीणबाईंनी पाठवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, चांदीच्या ताटात ठेवली आणि आईला जवळ बोलावलं. "बघा मावशी. किती स्वच्छ, किती एकसारखी भाजलीय. प्रभूच्या मेजाची भाकर अशी असावी. शिकून घ्या."

आई म्हणाली, "हो बाई."

भाकर मोडली. ताट फिरलं. आमच्या मंडळीत घास हातात धरून थांबतात, पाळकांनी सांगितलं की सगळे एकदम तोंडात टाकतात. पाळकसाहेबांनी सांगितलं. सगळ्यांनी टाकला. जाड भाकर, चावायला वेळ लागतो. हॉलमध्ये नुसता चावण्याचा आवाज. मी उठले.

"ही भाकर माझ्या आईने केलीय. फरीदाबादच्या पाण्यात मळलीय. एका खोलीत भाजलीय."

मला वाटलं होतं, आंटींचा चेहरा पडेल. रागावतील, ओरडतील. एवढ्यावर मी खूश झाले असते. पण त्यांचा हात कमरेकडे गेला. लेसचा रुमाल निघाला. तोंडाशी गेला. मान किंचित खाली झाली. रुमालाची घडी झाली आणि मुठीत बंद झाली. सगळ्यांनी बघितलं. मेजापाशी उभ्या पाळकसाहेबांनीही बघितलं. प्रभूचं शरीर म्हणून दिलेला घास या बाईने थुंकला होता.

तिने हे ठरवून केलं नव्हतं. तिचा हात आपोआप गेला. म्हणूनच ते इतकं खरं होतं.

मी विचारलं, "आंटी, रुमालात काय आहे?"

साहेब उठून किंचाळले, "धिस इज द लॉर्ड्स टेबल! लाज वाटत नाही?"

पाळकसाहेब म्हणाले, "तिने प्रश्न विचारलाय. उत्तर द्या."

आंटी रडायला लागल्या. आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळा हॉल आंटींभोवती जमला. कुणी पाठीवर हात फिरवला, कुणी खुर्ची आणली, कुणी ग्लासभर पाणी आणलं. मागच्या रांगेत माझी आई एकटी बसली होती, हात मांडीवर ठेवून, सकाळपासून उपाशी. तिला कुणी पाणी विचारलं नाही. लक्ष्मीबाई नगरचे एक अधिकारी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "झालं ते झालं. क्षमा करून टाक. आपण ख्रिस्ती आहोत." भाकर कुत्र्यांपुढे गेली तेव्हा हेच गृहस्थ चहाच्या कपात हसले होते. तेव्हा त्यांना आपण ख्रिस्ती आहोत हे आठवलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही करत."

पुढच्या महिन्यापासून पाळीची पद्धत बंद झाली. दुकानातून बंद पाकिटातल्या पातळ पापड्या येऊ लागल्या. कुणाचाच हात लागत नाही, कुणाचंच मन दुखत नाही. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला. आम्हीही आपोआप येणं बंद करू, असंही वाटलं असेल. आमच्यासारखे लोक अपमान झाला की दुसरीकडे जातात, असं धरून चालणं ही त्यांची सवय आहे. आम्ही जातो, हीसुद्धा आमची सवय.

मी गेले नाही. मी पुढे सरकले. पुढच्या उपासनेला आईला घेऊन पहिल्या रांगेत, आंटींच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. एका मांडीवर फडक्यात भाकर. दुसऱ्या मांडीवर पांढरा रुमाल, घडी मोडून उघडा पसरलेला. प्रभुभोजन संपेपर्यंत रुमाल तसाच ठेवला. नंतर दर महिन्याला. आंटींनी खुर्ची बदलली की मीही बदलते. साहेब वारले, त्या महिन्यातसुद्धा मी जाऊन बसले. लोक म्हणाले, हिला काळीज नाही. काळीज आहे. त्याला पीळ दिलाय.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती अंथरुणाला खिळली तेव्हा पाळकसाहेब पानिपतहून आले होते, काठी टेकत. भाकर मी केली होती आणि क्रूस मीच दाबला होता. आईने बोटाने तो चाचपून बघितला आणि मग तोंड उघडलं.

गेल्या आठवड्यात आंटींचा फोन आला. मुलं परदेशात, गुडगावच्या मोठ्या फ्लॅटमध्ये त्या आणि एक कामवाली. आवाज पार खोल गेलेला.

"तुझ्या आईच्या बाबतीत चुकलं माझं. क्षमा कर मला. तू तो रुमाल घेऊन शेजारी बसतेस, माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"हॉलमध्ये सांगा. मेजापुढे उभं राहून. आईचं नाव घेऊन. कुत्र्यांचंही सांगा."

"अगं, सगळ्यांसमोर?"

"रुमाल तुम्ही सगळ्यांसमोरच काढला होता."

त्यांनी फोन ठेवला.

क्षमा किती वेळा करायची, ते शास्त्रात आहे. मी वाचलंय. पण फोनवर, दार लावून, कुणाला कळू न देता मागितलेली क्षमा द्यावी, असं त्यात मला कुठेही सापडलं नाही. अपमान चारचौघांत करायचा आणि माफी कानात मागायची, हा त्यांचा रिवाज आहे. प्रभूचा नाही. माझा तर नाहीच.

येत्या उपासनेला मी उपाशीपोटी पीठ मळणार आहे. भाकरीवर क्रूस दाबणार आहे, चांगला खोल. पहिल्या रांगेत आंटींच्या शेजारी बसणार आहे. एका मांडीवर भाकर, दुसऱ्या मांडीवर उघडा रुमाल. दोन्हींतलं एक त्यांना सगळ्यांदेखत उचलावं लागेल, खायला भाकर नाहीतर थुंकायला रुमाल. त्या उचलेपर्यंत मी हलणार नाही.